गरोदरपणात मद्य घ्यावे का: निर्णय आणि तो पाळण्याची रीत

गरोदरपणात थोडे मद्य चालते का, या प्रश्नाला जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्र आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संघटना आज एकच उत्तर देतात: गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात, कोणत्याही प्रकारच्या मद्याचे सुरक्षित प्रमाण ठरवता आलेले नाही, म्हणून ते पूर्णपणे टाळावे. परदेशात राहणाऱ्या नातलगांकडून कधीकधी वेगळे ऐकू येते आणि त्याला कारण आहे. ब्रिटनमध्ये २००८ सालच्या अधिकृत सल्ल्यानुसार पहिले तीन महिने मद्य टाळावे आणि पुढे घ्यायचेच असेल तर आठवड्यातून एकदा-दोनदा, एक-दोन युनिटांच्या (एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल) वर जाऊ नये, असे सांगितले जाई. जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ही सवलत काढून घेतली आणि अजिबात न घेणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा लंडनच्या नणंदेने त्या काळी डॉक्टरांना विचारूनच वाइन घेतली असेल, तर ती खोटे सांगत नाही; सल्ला मागाहून बदलला आहे.

उत्तर इतके आखूड असले तरी आपल्याकडे अडचण वेगळीच आहे: दवाखान्यात हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ वर्षे व त्यावरील सुमारे १९ टक्के पुरुषांनी आणि जेमतेम १ टक्का स्त्रियांनी मद्य घेत असल्याचे सांगितले. या आकड्यामुळे समोरची गर्भवती मद्य घेत नसणार असे डॉक्टर गृहीत धरतात, आणि सासूबाई शेजारी बसलेल्या असताना ती स्वतःहून सांगण्याची शक्यता नसते. पुण्यात आयटी कंपनीच्या पार्टीत वाइन घेणारी तरुणी आणि सातपुड्याच्या पाड्यावर घरी गाळलेली मोहाची दारू पिणारी स्त्री, दोघीही या मौनात सापडतात. म्हणून पहिल्याच तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी एकटीने बोलण्यासाठी पाच मिनिटे मागून घ्यावीत आणि विषय आपणच काढावा.

पेल्यातले माप आणि रक्तातले माप

"थोडे" या शब्दावर विसंबू नये, कारण पेल्यात दिसणाऱ्या प्रमाणावरून अल्कोहोल किती आहे हे कळत नाही. हिशेब सोपा आहे: पेयाचे मिलीलिटर गुणिले बाटलीवर छापलेली टक्केवारी, भागिले १००, आणि आलेल्या संख्येला ०.७९ ने गुणले की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. भारतात व्हिस्की, रम, जिन बहुतेक वेळा ४२.८ टक्के तीव्रतेची असते, त्यामुळे ३० मिलीलिटरच्या छोट्या पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि मोठ्या पेगमध्ये २० ग्रॅम अल्कोहोल असते. साडेबारा टक्के वाइनच्या १५० मिलीलिटरच्या पेल्यात जवळजवळ १५ ग्रॅम. "मी फक्त बिअर घेते, ती हलकी असते" असे म्हणणाऱ्यांनी ६५० मिलीलिटरच्या बाटलीचा हिशेब जरूर करून पाहावा: ५ टक्के माइल्ड बिअरच्या अशा बाटलीत अडीच छोट्या पेगांइतके आणि ८ टक्के स्ट्राँग बिअरच्या बाटलीत चार छोट्या पेगांइतके, म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल असते. हातभट्टी, मोहाची दारू, माडी यांच्यावर तर लेबलच नसते, आणि आजच्या आणि उद्याच्या खेपेची तीव्रता सारखी असेलच असे नाही. शिवाय बेकायदा दारूत मिथेनॉल मिसळलेले असण्याचा धोका असतो. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे अशाच विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली.

आईच्या रक्तातले हे अल्कोहोल बाळापर्यंत पोहोचण्यास कोणताही अडथळा नसतो. वार ही गाळणीसारखी असून वाईट ते अडवून चांगले तेवढेच आत सोडते, असा समज अनेक घरांत आढळतो. काही पदार्थांबाबत त्यात तथ्य असले तरी अल्कोहोलचा रेणू लहान असल्यामुळे आणि तो पाण्यात व चरबीतही मिसळत असल्यामुळे वारेतून सहज पार होतो. थोड्याच वेळात गर्भाच्या रक्तातील प्रमाण आईच्या रक्ताइतके होते. आईचे यकृत ते विकरांच्या साहाय्याने मोडते, पण गर्भाच्या यकृतात ही विकरे अत्यल्प असतात. त्यामुळे गर्भाला ते बाहेर टाकण्यासाठी आईच्याच रक्तप्रवाहावर अवलंबून राहावे लागते, आणि दरम्यान गर्भाच्या लघवीतून गर्भजलात उतरलेले अल्कोहोल तो पुन्हा गिळत राहतो. आईला उतरल्यासारखे वाटू लागल्यानंतरही ते गर्भजलात शिल्लक असू शकते.

ते कोणत्या आठवड्यात पोहोचते यावर परिणामाचे स्वरूप ठरते. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हृदय, डोळे, चेहरा, हातपाय यांची घडण होत असते आणि या काळातील मद्यामुळे त्यांत जन्मजात दोष राहू शकतात. डोळ्यांच्या लहान फटी, नाक व वरचा ओठ यांच्यामधील सपाट झालेली पन्हळ आणि पातळ वरचा ओठ ही चेहऱ्यावरील ओळखीची लक्षणे याच सुरुवातीच्या काळातली. मेंदूची वाढ मात्र नऊही महिने चालू असते आणि शेवटच्या तिमाहीत ती फार वेगाने होते. म्हणून "तीन महिने पार पडले, आता चालेल" या म्हणण्याला आधार नाही; चेहरा अगदी व्यवस्थित असलेल्या मुलातही स्मरणशक्ती, एकाग्रता, आकडेमोड आणि स्वतःला आवरण्याची क्षमता यांत कायमची उणीव राहू शकते. गर्भपात, पोटातच बाळ दगावणे, अकाली प्रसूती आणि कमी वजनाचे बाळ यांचा धोकाही मद्याने वाढतो.

वैद्यकशास्त्राला हे उमगायला उशीर झाला, हे मान्य केले पाहिजे. फ्रान्समधील नांत येथील डॉक्टर पॉल लेमुआन यांनी १९६८ साली मद्यपी पालकांच्या १२७ मुलांमधील सारख्या दिसणाऱ्या दोषांची नोंद प्रसिद्ध केली, पण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात तशीच लक्षणे मांडून त्यांना गर्भमद्य संलक्षण (फीटल अल्कोहोल सिंड्रोम) या अर्थाचे नाव दिले, तेव्हा कुठे हा विषय मार्गी लागला. त्याच सुमारास अनेक रुग्णालयांत अकाली कळा थांबवण्यासाठी गर्भवतीला शिरेतून अल्कोहोल दिले जात होते आणि ती त्या काळची मान्य उपचारपद्धती होती. आजी-पणजीच्या पिढीतील डॉक्टरांचा दाखला कोणी दिला, तर त्या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांच्यासमोर ही माहिती नव्हती.

अगदी थोड्या मद्याबद्दल प्रामाणिकपणे काय म्हणता येते? अधूनमधून एखादा पेला घेणाऱ्या स्त्रियांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. काहींत हानी आढळते, काहींत आढळत नाही. यामागे कारणे आहेत. किती घेतले हे बाईच्या सांगण्यावरूनच नोंदवले जाते आणि माणूस ते कमीच सांगतो. युरोप-अमेरिकेत थोडी वाइन घेणाऱ्या स्त्रिया बहुधा सुशिक्षित व सुस्थितीतील असतात, त्यामुळे त्यांच्या मुलांना मिळणारे इतर फायदे सूक्ष्म हानीवर पांघरूण घालू शकतात. अल्कोहोल पचवण्याचा वेग आनुवंशिकतेनुसार बदलतो, म्हणून एकीला सोसलेले प्रमाण दुसरीला सोसेल असे सांगता येत नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार गरोदरपणात मद्य घेणाऱ्या सुमारे १३ स्त्रियांपैकी एकीच्या मुलात मद्यजन्य दोषांपैकी काही ना काही आढळते आणि सुमारे ६७ पैकी एकीच्या मुलात पूर्ण संलक्षण दिसते. याचा अर्थ बहुसंख्य मुलांत निदान होण्याजोगे काही दिसत नाही, आणि "शेजारणीने घेतली, तिचा मुलगा ठणठणीत आहे" हे म्हणणे खरेही असू शकते. परंतु आपण त्या तेरांपैकी कोण, हे आधी कळण्याची कोणतीही तपासणी उपलब्ध नाही, आणि मद्य नऊ महिने न घेतल्याने आई किंवा बाळ यांचे कोणतेही पोषण कमी पडत नाही. माझ्या मते निर्णयासाठी एवढा हिशेब पुरेसा आहे.

नकळत पोटात जाणारे मद्य

मद्य सोडल्यावरही ते काही वाटांनी घरात येत राहते, आणि मराठी घरात त्यांतली मोठी वाट औषधांच्या कपाटातून जाते. आसवे आणि अरिष्टे आंबवूनच तयार होतात, त्यामुळे त्यांत स्वयंनिर्मित अल्कोहोल असते. बाटलीवर ते छापलेले असून बहुधा ५ ते १० टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे द्राक्षासव, अशोकारिष्ट किंवा दशमूलारिष्ट यांच्या टक्केवारीची तुलना माइल्ड किंवा स्ट्राँग बिअरशीच होऊ शकते. फरक मात्रेचा आहे. आठ टक्क्यांच्या अरिष्टाच्या २० मिलीलिटर मात्रेत साधारण सव्वा ग्रॅम अल्कोहोल जाते, म्हणजे छोट्या पेगचा आठवा भाग. दिवसातून दोनदा, महिनोन्‌महिने घेतल्यास ते दुर्लक्षण्याजोगे नाही. भूक लागत नाही किंवा अशक्तपणा वाटतो म्हणून शेजारच्या दुकानातून आणलेले आसव गरोदरपणी स्वतःच्या मनाने सुरू करू नये. कुमार्यासवात कोरफड असते, त्यामुळे ते तर अल्कोहोलचा विचार बाजूला ठेवला तरी गर्भवतीसाठी योग्य नाही. वैद्यांना आपण गरोदर असल्याचे स्पष्ट सांगावे. चूर्ण, वटी, काढा अशी मद्यविरहित कल्पे त्यांच्याकडे असतात आणि विचारल्यास ते ती देतात. होमिओपॅथीची मूळ अर्काची औषधे अल्कोहोलमध्येच बनवलेली असतात, तिथेही साखरेच्या गोळ्यांच्या स्वरूपात औषध मागता येते. खोकल्याच्या काही पातळ औषधांतही अल्कोहोल असते, म्हणून औषधविक्रेत्याला लेबल वाचून दाखवायला सांगावे. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध मात्र केवळ या भीतीने परस्पर बंद करू नये. फोन करून पर्याय विचारावा.

सर्दी-खोकल्याला किंवा थंडीत "दोन चमचे ब्रँडी" देण्याची जुनी रीत अजून टिकून आहे. दोन चहाचे चमचे म्हणजे १० मिलीलिटर, आणि त्यात साडेतीन ग्रॅमच्या जवळपास अल्कोहोल. ऊब वाटते ती त्वचेकडील रक्तवाहिन्या पसरल्यामुळे. शरीर उलट उष्णता गमावत असते. गरम पाण्याची वाफ आणि आले-तुळशीचा साधा काढा यांनी तेवढा आराम मिळतो.

स्वयंपाकात घातलेले मद्य शिजवताना उडून जाते, हा समज अर्धाच खरा आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून १५ मिनिटे शिजवल्यावर सुमारे ४० टक्के आणि तासभर शिजवल्यावर सुमारे २५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते. वरून ओतून पेटवलेल्या पदार्थात तर पाऊण हिस्सा उरतो. नाताळच्या केकसाठी महिनाभर रममध्ये भिजवलेला सुका मेवा, भाजल्यानंतर वरून रम शिंपडलेला केक, मद्य भरलेली चॉकलेटे आणि तिरामिसू हे पदार्थ म्हणून टाळावेत. गोव्यात किंवा वसईत नाताळच्या जेवणाला बसताना यजमानीणबाईंना विचारण्यात काहीच गैर नाही. बहुतेक घरांत रमशिवायचा केकही असतो. बाजारातील "नॉन-अल्कोहोलिक" बिअरचे लेबल नीट पाहावे, कारण भारतीय नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा अधिक अल्कोहोल असलेले पेयच मद्य ठरते आणि त्याखालचे बिअरसदृश पेय शून्य असेलच असे नाही. ०.० लिहिलेले पेय घेण्यास हरकत नाही, परंतु जिला आधी बिअरची सवय होती तिला त्या चवीने पुन्हा ओढ लागत असेल तर तेही दूर ठेवावे.

नीरा आणि माडी यांतील फरक काही तासांचाच असतो. पहाटे उतरवून थंड ठेवलेली नीरा गोड व मद्यविरहित असते, पण ऊन चढू लागले की ती आपोआप आंबते. अधिकृत केंद्रावर शीतपेटीतून दिलेली, आंबूस वास नसलेली नीरा सकाळीच प्यावी. रस्त्याकडेच्या मडक्यातली दुपारची नीरा गर्भवतीने घेऊ नये. घरी बनवलेला कोंबुचा, म्हणजे आंबवलेला गोड चहा, याच कारणाने टाळावा. इडली, डोसा, ढोकळा, ताक, आंबील यांची काळजी करण्याचे कारण नाही. अत्तर, हाताला लावायचे सॅनिटायझर किंवा गुळण्या करून थुंकलेला माउथवॉश यांमुळेही गर्भापर्यंत दखल घ्यावी इतके अल्कोहोल पोहोचत नाही.

दिवस गेल्याचे कळण्याआधी घेतले असेल तर

ही काळजी घेऊन अनेक जणी येतात आणि बऱ्याच जणी रात्र-रात्र जागतात. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, त्यामुळे पाळी चुकते तेव्हाच कागदावर चार आठवडे झालेले असतात, जरी प्रत्यक्ष गर्भधारणेला दोनच आठवडे लोटलेले असले. लग्नसराईत किंवा थर्टी फर्स्टला घेतलेला पेला या खिडकीत येणे अगदी स्वाभाविक आहे. ज्यांनी कळण्यापूर्वी थोडेच मद्य घेतले होते, त्यांच्या बाळाला हानी होण्याची शक्यता कमी आहे, असे ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांतही नमूद आहे. त्यामुळे फक्त एवढ्याच कारणावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये आणि कोणी तसा सल्ला दिला तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

करायचे ते असे. कळल्या क्षणापासून मद्य बंद करावे. शेवटच्या पाळीची तारीख आणि त्यानंतर कोणत्या दिवशी, कोणते पेय, किती घेतले हे आठवेल तितके एका कागदावर लिहावे. वर सांगितलेल्या हिशेबाने ग्रॅम काढता आले तर उत्तम. एका बैठकीत चार-पाच पेग झाले असतील तर ते लपवू नये, कारण एकदम जास्त घेतलेले मद्य हे दोन आठवड्यांत विखुरलेल्या तेवढ्याच मद्यापेक्षा गर्भाला अधिक घातक असते. हा कागद पहिल्या भेटीत डॉक्टरांना द्यावा. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर त्याबद्दल लगेच विचारावे. मद्यामुळे फोलेटचे शोषण कमी होते आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांच्या आसपास मिटत असते. सोनोग्राफीकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत हृदयाची व इतर अवयवांची रचना पुष्कळशी दिसते, पण पुढे मूल गणितात कसे असेल हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. "शरीरशुद्धी" करून झालेला परिणाम उलटवणारे औषधही अस्तित्वात नाही, ते विकणाऱ्यापासून दूर राहावे.

मूल व्हावे म्हणून प्रयत्न सुरू करतानाच मद्य थांबवले तर हा सगळा प्रसंगच येत नाही.

नाही कसे म्हणावे

आपल्याकडे पहिले तीन महिने बातमी कोणाला सांगत नाहीत, आणि नेमक्या याच काळात ऑफिसच्या पार्टीत "आज का नाही घेत?" असे विचारले जाते. अँटिबायोटिक चालू आहे ही सबब जुनी झाली असून तिच्यावर चारचौघींच्या नजरा वळतात. "गाडी मला चालवायची आहे" हे उत्तर त्याहून बरे, कारण त्यावर कोणी आग्रह करू शकत नाही. हातात आधीच लिंबू सोडा किंवा कोकम सरबत असले की विचारणारे निम्म्याने कमी होतात. बारमधून मॉकटेल मागवताना ते मद्यविरहित हवे आहे हे वेटरला शब्दांत सांगावे, नुसत्या नावावर विसंबू नये. गोव्यात उन्हाळ्यात लिमकात घातलेला उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, सरबतासारखा दिला जातो आणि तो सौम्य वाटतो, तेव्हा पेल्यात काय आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

बिअरचे डोहाळे लागले तर ती शरीराची गरज समजू नये. डोहाळे पुरवलेच पाहिजेत हा संकेत मद्याला लावण्याचे कारण नाही. थंड, फेसाळ, किंचित कडू असे काही हवेसे वाटत असेल तर सोड्यात लिंबू आणि चिमूटभर सैंधव पुरते. काळी स्टाउट बिअर रक्त वाढवते, ही समजूतही चुकीची आहे. तिच्यातील लोह नगण्य असते, आणि लोहाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

आदिवासी भागात काम करणाऱ्या आशाताईंना वेगळ्या प्रसंगाला तोंड द्यावे लागते. तिथे मोहाची दारू पूजेत आणि पाहुणचारात असते, आणि ती सोडा म्हणणे हे रीतच मोडा म्हटल्यासारखे ऐकू येते. देवापुढे दारू वाहायला हरकत नाही, फक्त पोटुशी बाईने नऊ महिने ती प्यायची नाही, अशी मर्यादित मागणी घरातल्या म्हाताऱ्या बाईंकडे केली तर ती मानली जाण्याची शक्यता अधिक असते. भीती घालून बोलल्यास बाई पुढच्या तपासणीला येतच नाही. माझा कल नेहमी या दुसऱ्या नुकसानीला टाळण्याकडे राहील.

नवऱ्याचे काय, हा प्रश्न टाळून चालणार नाही. घरात रोज बाटली उघडत असताना एकटीने नियम पाळणे कठीण असते. निदान नऊ महिने त्याने घरात मद्य आणू नये, एवढे त्याला स्पष्ट सांगावे, आणि शक्य असेल तर डॉक्टरांनीच त्याला बोलावून सांगावे. तो पिऊन मारहाण करत असेल तर तो व्यसनाच्या सल्ल्याने सुटणारा विषय नाही. महिलांसाठी १८१ हा मदत क्रमांक आहे आणि तातडीच्या वेळी ११२.

रोज लागत असेल तर

मद्याची शारीरिक सवय लागलेल्या स्त्रीने वरील सल्ला वाचून आज रात्रीपासून एकदम थांबू नये. हे वाक्य विरोधाभासी वाटेल, पण ते महत्त्वाचे आहे. अनेक महिने रोज मोठ्या प्रमाणात मद्य घेणाऱ्या शरीराला ते अचानक मिळेनासे झाले की काही तासांत हात थरथरणे, दरदरून घाम, छातीत धडधड सुरू होते आणि दोन-तीन दिवसांत झटके येणे किंवा भ्रम होणे इथपर्यंत मजल जाऊ शकते. झटका आल्यास आई आणि गर्भ दोघांच्याही जिवाला धोका असतो. अशा स्त्रीने मद्य जरूर थांबवावे, पण रुग्णालयात दाखल होऊन, मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीखाली. तिथे योग्य मात्रेत शामक औषधे आणि थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-१ देऊन हा काळ पार पाडता येतो. दारू सुटावी म्हणून घरच्यांनी चहात गुपचूप मिसळायच्या गोळ्या गरोदरपणी कदापि देऊ नयेत. अशा गोळ्यांपैकी डायसल्फिराम हे औषध गरोदरपणात टाळतात, आणि मद्यासोबत त्याची प्रतिक्रिया जिवावर बेतू शकते.

आपण या गटात मोडतो का, हे ओळखण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ चार प्रश्नांची एक चाचणी वापरतात. नशा जाणवायला आता दोनपेक्षा जास्त पेग लागतात का? पिण्यावरून कोणी बोलले की राग येतो का? कमी करायला हवे असे कधी वाटले आहे का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा म्हणून घ्यावी लागते का? पहिल्या प्रश्नाच्या होकाराला दोन गुण आणि बाकीच्यांना प्रत्येकी एक. बेरीज दोन किंवा अधिक आली तर डॉक्टरांशी उघडपणे बोलण्याची वेळ आली आहे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल तर ते बोलणे आजच व्हावे.

मदतीसाठी जिल्हा रुग्णालयातील किंवा वैद्यकीय महाविद्यालयातील मानसोपचार विभाग गाठता येतो. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. पुण्यात १९८६ पासून काम करणाऱ्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात स्त्रियांसाठी निशिगंध हा स्वतंत्र विभाग आहे. कोणत्याही केंद्रात जाताना गरोदर असल्याचे पहिल्याच फोनवर सांगावे, म्हणजे प्रसूतीची सोय असलेल्या रुग्णालयाशी ते समन्वय साधू शकतात. उपचारांची माहिती बाहेर फुटेल या भीतीने अनेक जणी थांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ व्यसनावरील उपचारांनाही लागू होतो आणि त्यात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. सातव्या महिन्यात थांबवले तरी उपयोग आहे, कारण मेंदूची वाढ अजून चालूच असते.

बाळंतपणानंतर

अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधातील अल्कोहोलचे प्रमाण तिच्या रक्तातील प्रमाणाइतकेच असते आणि ते साधारण अर्ध्या ते एका तासात कमाल पातळी गाठते. दूध काढून फेकून दिल्याने ते लवकर उतरत नाही, वेळ जाऊ देणे हाच मार्ग आहे: एका प्रमाण पेयानंतर (साधारण वर सांगितलेल्या वाइनच्या एका पेल्याइतके मद्य) किमान दोन तास, दोन पेयांनंतर त्याच हिशेबाने अधिक. मद्य घेतल्यावर बाळाला कुशीत घेऊन झोपू नये, कारण गुंगीत ते दाबले जाण्याचा धोका असतो. बाळंतिणीला दूध यावे म्हणून ब्रँडी किंवा बिअर देतात, त्याचा परिणाम उलटा होतो. अल्कोहोलमुळे दूध सुटण्याची क्रिया मंदावते. दशमूलारिष्ट द्यायचेच असेल तर मात्रा आणि पाजण्याची वेळ वैद्यांकडून ठरवून घ्यावी.

गरोदरपणात मद्य घेतले गेले असेल तर ती माहिती प्रसूतीनंतर बालरोगतज्ज्ञांकडे पोहोचली पाहिजे, आणि माता-बाल संरक्षण कार्डासोबत तो कागद जपून ठेवावा. बाळाचे वजन, डोक्याचा घेर, ऐकणे, पाहणे यांच्या नेहमीच्या तपासण्या वेळेवर कराव्यात. विकासाचे टप्पे मागे पडत असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मूल दाखवता येते. मद्यजन्य दोष बरे करणारा उपचार नाही, परंतु सहा वर्षांच्या आत निदान होऊन वाचा-उपचार, वर्तन-मार्गदर्शन आणि शाळेतील आधार मिळाला तर पुढच्या अडचणी बऱ्याच कमी होतात. पुढे शाळेत मूल एका जागी बसत नाही, सांगितलेले विसरते, आकडेमोडीत अडते अशी तक्रार आली, तर तपासणाऱ्या डॉक्टरांना गरोदरपणातील ही नोंद दाखवावी; ती समोर नसेल तर अतिचंचलतेचे निदान होऊन तपास तिथेच थांबण्याची शक्यता असते.